त्रिकोणाबाहेरचे विष

नीरा डाव्या कालव्याचे पाणी 1885 च्या सुमारास बारामती आणि इंदापूर या तालुक्यांच्या कोरड्या माळांवर आले, आणि ज्या मुलखातून दुष्काळाच्या सालात तगाईच्या अर्जांखेरीज मामलेदार कचेरीकडे फारसे काही जात नसे, त्या मुलखाची शेती हळूहळू सर्वस्वी पालटून गेली. बाजरीच्या जागी ऊस उभा राहिला. शेठ वालचंद हिराचंद यांच्या नावाची साखरनगरी माळावर वसली. मागोमाग सहकारी कारखाने आले. आणि पुढे ठिबकाच्या नळ्यांबरोबर द्राक्ष व डाळिंब ही नाजूक, खर्चिक आणि फवाऱ्यावाचून न तगणारी पिके या मातीत रुजली. बारामती आणि इंदापूर यांच्या दरम्यानच्या शेळगावच्या परिसरातून द्राक्षवेलींच्या गोडी छाटणीच्या, म्हणजे फळ धरण्यासाठी केल्या जाणाऱ्या छाटणीच्या दिवसांत, साधारणतः ऑक्टोबरच्या आगेमागे, कोणी भल्या पहाटे गेला, तर ट्रॅक्टरमागच्या ब्लोअरचा घोष आणि ओल्या हवेत रेंगाळणारा औषधांचा उग्र दर्प ही या नव्या समृद्धीची पहिली खूण म्हणून त्याच्या प्रत्ययास येईल. या समृद्धीविषयी कोणाच्याही मनात असूया असण्याचे कारण नाही. ती कष्टाने आणि कर्जाने मिळविलेली आहे. परंतु ज्या रसायनांच्या आधारावर ती उभी आहे, त्यांचा मनुष्याच्या प्रजननशक्तीवर काय परिणाम होतो, हा प्रश्न ग्रामसभेत, कृषी खात्याच्या मेळाव्यात किंवा दवाखान्याच्या ओट्यावर सहसा निघत नाही, आणि तो का निघत नाही याचा विचार करण्याची वेळ आता आली आहे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे की, विषाविषयीचा आपला सगळा कायदा, सगळी दक्षता आणि सगळी लोकसमजूत माणसाला बांधावर आडवे पाडणाऱ्या विषाभोवती रचलेली आहे; जे विष कोणालाही आडवे पाडीत नाही, परंतु पुरुषाचे बीज क्षीण करते, गर्भ टिकू देत नाही किंवा उपजणाऱ्या अपत्याच्या देहात दोष ठेवून जाते, त्याची नोंद करणारी वही आपल्या कोणत्याही दप्तरात नाही.

या विधानाचा पुरावा दूर शोधावयास नको. कीटकनाशकाच्या प्रत्येक डब्यावर एक चौकट कोनावर उभी केलेली असते आणि तिच्या खालच्या अर्ध्या भागात तांबडा, पिवळा, निळा किंवा हिरवा यांपैकी एक रंग भरलेला असतो. शेतकरी या खुणेला त्रिकोण म्हणतो आणि तिच्यावरून औषध किती जहाल हे ओळखतो. कीटकनाशकांचा कायदा 1968 चा आणि त्याखालचे नियम 1971 चे. या नियमांनी रंगांची वाटणी ज्या मापाने केली ते माप असे की, प्रयोगशाळेतील जनावरांना एखादे द्रव्य तोंडावाटे दिले असता त्यांपैकी निम्मी जनावरे मरण्यास शरीराच्या दर किलोग्रॅम वजनामागे किती मिलिग्रॅम लागतात. पन्नासपर्यंत लागले तर तांबडा, पाचशेपर्यंत पिवळा, पाच हजारांपर्यंत निळा आणि त्याहून अधिक लागले तर हिरवा. त्वचेवाटे होणाऱ्या मरणाचेही असेच माप आहे. म्हणजे रंग ठरतो तो केवळ तत्काळ येणाऱ्या मृत्यूवरून. ते जनावर जगले, परंतु त्याला पुढे पिल्ले झाली नाहीत, किंवा झाली ती व्यंग घेऊन झाली, तर रंगात तसूभरही फरक पडत नाही.

आता या मापाने कोणाला कोणता दाखला मिळतो ते पाहण्यासारखे आहे. कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक आपल्याकडे दुकानदाराला त्याच्या व्यापारी नावाने मागितले जाते आणि बियाण्याला चोळण्यापासून वेलीवर फवारण्यापर्यंत सर्वत्र वापरले जाते. उंदराला मारण्यास ते इतके लागते की तत्काळ मृत्यूच्या मोजपट्टीवर ते जवळजवळ निरुपद्रवी ठरते. परंतु बुरशीला ते मारते कसे? पेशीचे विभाजन होताना तिच्या आत जे सूक्ष्म तंतू उभे राहावे लागतात, त्यांच्या घडणीतच ते विघ्न आणते. मनुष्याच्या आणि इतर सस्तन प्राण्यांच्या देहात पेशीविभाजनाचे काम ज्या थोड्या ठिकाणी अहोरात्र चालते, त्यांपैकी एक म्हणजे पुरुषाचे वृषण होय. प्रयोगशाळेतील उंदरांना मोठ्या मात्रेत हे द्रव्य दिले असता अपक्व शुक्रपेशी आधार सोडून गळून पडतात, त्यांच्या गर्दीने पुढच्या सूक्ष्म नलिका तुंबतात आणि वृषण क्षीण होऊ लागते, हे निरीक्षण अनेक वर्षांपूर्वीचे आणि वारंवार पडताळलेले आहे. युरोपीय संघाने या द्रव्याची गणना प्रजननास बाधक आणि आनुवंशिक द्रव्यात बिघाड घडविणाऱ्या पदार्थांच्या वरच्या वर्गात केली, आणि 2014 नंतर तेथील शेतीत त्याला मान्यता उरली नाही. मॅन्कोझेब हे त्याहूनही परिचित. केवडा आणि करपा या बुरशीजन्य रोगांचे सावट आले की पहिला हात याच पुड्याकडे जातो. 2020 च्या डिसेंबरात युरोपीय संघाने त्याच्या मान्यतेचे नूतनीकरण नाकारले, आणि त्या निर्णयामागे प्रजननास होणारी बाधा व अंतःस्रावी ग्रंथींच्या कार्यातील व्यत्यय ही कारणे प्रमुख होती. छाटणीनंतर द्राक्षवेलीचे सगळे डोळे एकदम फुटावेत म्हणून काडीला जे हायड्रोजन सायनामाइड लावतात, त्याला युरोपात 2008 साली मान्यता नाकारली गेली, आणि जननक्षमतेस हानिकारक असल्याचा संशय असलेल्या द्रव्यांत त्याचा समावेश आहे. ते लावणाऱ्याने त्याच दिवसांत मद्य घेतले तर चेहरा लालबुंद होणे, छाती धडधडणे, रक्तदाब उतरणे हे प्रकार तत्काळ घडतात. हा परिणाम ताबडतोब दिसतो म्हणून गावोगाव ठाऊक आहे, आणि दुसरा दिसत नाही म्हणून कोणाला ठाऊक नाही.

येथे एक खुलासा अवश्य केला पाहिजे. उंदराला दिलेली मात्रा आणि बागेत फवारणाऱ्या गड्याच्या देहात जाणारी मात्रा यांत मोठे अंतर असते, आणि एखादे द्रव्य स्वभावतः हानिकारक आहे एवढ्यावरून ते प्रत्येकाला हानी करीलच असे म्हणता येत नाही. परंतु मात्रा किती, हे ठरविण्यासाठी ती कोणी तरी मोजावी लागते. युरोपातील शेतकरी बंद कॅबिनच्या ट्रॅक्टरमधून फवारा मारतो, आणि तरीही तेथील अधिकाऱ्यांनी ही द्रव्ये दूर ठेवली. आपल्याकडे उघड्या ट्रॅक्टरवर अंगात बनियन, डोक्याला गमछा आणि पायांत चप्पल, किंवा तीही नाही, अशा स्थितीत माणूस त्या तुषारांतून जातो; औषधाचे द्रावण बादलीत हाताने ढवळले जाते; जिब्रेलिक आम्ल या वाढसंप्रेरकाच्या द्रावणात एकेक घड बुडवीत जाणाऱ्या बाया आदल्या दिवशी फवारलेल्या पानांखाली दिवसभर हात उंचावून उभ्या असतात. मुख्यतः त्वचेवाटे होणारा हा प्रवेश डब्यावरच्या रंगाला विचारून होत नाही.

याच बागांच्या फळाविषयी मात्र आपण किती सूक्ष्म हिशेब ठेवतो! 2003 साली नेदरलँड्सच्या बंदरात भारतीय द्राक्षांमध्ये मेथोमिल या कीटकनाशकाचा अंश सापडला आणि निर्यातीवर संकट आले. तेव्हा अपेडाने, म्हणजे केंद्र सरकारच्या कृषी निर्यात प्राधिकरणाने, निर्यातीच्या बागांची नोंदणी, फवारणीच्या वह्या आणि मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या देखरेखीखाली अंशतपासणी यांची जी व्यवस्था उभी केली, ती कोणत्याही देशाने अनुकरण करावी अशी आहे. 2010 साली क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाच्या अंशामुळे पुन्हा मोठा माल अडकला, कित्येक बागायतदार कर्जात बुडाले, आणि त्यानंतर तपासणी अधिकच कडक झाली. म्हणजे अमुक प्लॉटमधील अमुक पेटीत अमुक द्रव्य दर किलोमागे किती मिलिग्रॅमच्या कितव्या अंशाने उरले आहे, याचा दाखला आपण परदेशस्थ गिऱ्हाइकास बिनचूक देऊ शकतो. ज्या माणसाने तेच द्रव्य पंपात भरले, त्याच्या रक्तात किंवा लघवीत ते किती उतरले, याचा दाखला मात्र कोणी मागत नाही. आणि कायदा येथे सर्वस्वी मुका आहे असेही नव्हे. 1971 च्या नियमांतील सदतिसावा नियम सांगतो की, कीटकनाशकांच्या निर्मितीत किंवा फवारणीत गुंतलेल्या माणसांची कामावर घेण्यापूर्वी आणि नंतर ठरावीक मुदतीने वैद्यकीय तपासणी व्हावी. हा नियम कारखान्याच्या दारापर्यंत कसाबसा पोहोचला असेल. रोजंदारीवर फवारणाऱ्याच्या झोपडीपर्यंत तो पोहोचल्याचे ऐकिवात नाही. शिवाय त्या नियमात ज्या रक्तपरीक्षेचा उल्लेख आहे, ती मज्जातंतूंवरील विषबाधा ओळखण्याची आहे. प्रजननाचा विचार तेथेही नाही.

असा विचार न केल्याने काय होते, याचे जगप्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांतात लॅथ्रॉप येथे घडले. तेथील कारखान्यात डायब्रोमोक्लोरोप्रोपेन हे सूत्रकृमिनाशक तयार होत असे. 1977 साली तेथील कामगारांच्या आपसांतील बोलण्यात असे आले की, त्यांच्या विभागातील पुरुषांना कित्येक वर्षांत मुले झालेली नाहीत. वीर्याची तपासणी झाली तेव्हा अनेकांच्या वीर्यात शुक्राणू अत्यल्प होते आणि काहींच्या वीर्यात एकही नव्हता. हे पुरुष धडधाकट होते; त्यांना खोकला नव्हता, भोवळ नव्हती, अंगावर चट्टा नव्हता. याहून खेदाची गोष्ट ही की, या द्रव्याने उंदरांचे वृषण सुकते हे संशोधन 1961 सालीच प्रसिद्ध झालेले होते. सोळा वर्षे ते वाङ्मय कपाटात राहिले आणि शेवटी शोध लावला तो उपाहाराच्या वेळी बोलत बसलेल्या मजुरांनी. त्यानंतर अमेरिकेने 1979 पर्यंत त्याचा जवळजवळ सर्व वापर थांबविला, तरी मध्य अमेरिकेतील केळीच्या मळ्यांत ते पुढेही काही काळ जात राहिले आणि तेथील मजुरांचे खटले कित्येक दशके चालले.

आपल्या देशातही अशा नोंदी अगदीच झाल्या नाहीत असे नाही, आणि त्यांतील एक तर थेट द्राक्षबागांतील आहे. 1987 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आंध्र प्रदेशातील द्राक्षमळ्यांत फवारणी करणाऱ्या पुरुषांची पाहणी केली गेली, आणि त्यांच्या पत्नींमध्ये गर्भपाताचे प्रमाण इतरांहून अधिक आढळले. 1991 साली कापसाच्या शेतांत फवारणी करणाऱ्या हजाराहून अधिक पुरुषांच्या कुटुंबांची तुलना तितक्याच इतर कुटुंबांशी करण्यात आली; तेथे जननक्षमता कमी आणि गर्भपात, मृतजन्म व नवजातांचे मृत्यू अधिक, असे चित्र दिसले. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, दोन्ही ठिकाणी पंप पाठीवर होता तो पुरुषाच्या, आणि गर्भ गेला तो स्त्रीचा. केरळातील कासारगोड जिल्ह्यात काजूच्या मळ्यांवर दोन दशकांहून अधिक काळ हवेतून एन्डोसल्फान हे कीटकनाशक फवारले गेले. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसाय आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी 2003 साली प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांत तेथील मुलग्यांचे वयात येणे लांबलेले आढळले. 2011 साली सर्वोच्च न्यायालयाच्या हुकुमाने या द्रव्याचे उत्पादन आणि विक्री देशभर थांबली. कासारगोडची ती मुले स्वतः कधीही फवारणीस गेलेली नव्हती, ही गोष्ट केवळ मजुरांपुरता हा प्रश्न आहे असे समजणाऱ्या बागायतदारांनी विशेष ध्यानात घ्यावी. फवाऱ्याचे तुषार बांधावर थांबत नाहीत, आणि फवारणीचे कपडे घरच्या मोरीतच, बहुधा घरधनिणीच्या हातांनीच धुतले जातात.

तथापि शास्त्राची ही सगळी सामग्री एकीकडे आणि आपल्या समाजाची रीत दुसरीकडे. लग्नानंतर दोनतीन वर्षांत पाळणा हलला नाही की प्रथम सुनेला दवाखान्यात नेतात. मग नवससायास, गंडेदोरे. मग पुन्हा दुसऱ्या डॉक्टरीणबाई. आणि या सगळ्या यातायातीत नवऱ्याच्या वीर्याची तपासणी, जी सर्वांत सोपी, स्वस्त आणि वेदनारहित आहे, ती सर्वांत शेवटी होते किंवा होतच नाही. कित्येक घरांत तर सुनेला माहेरी धाडण्यापर्यंत किंवा दुसऱ्या लग्नाच्या बोलण्यापर्यंत मजल जाते, परंतु मुलगा कोणते काम करतो, कोणते औषध मारतो आणि किती वर्षे मारतो, हा प्रश्न बैठकीत निघत नाही. वस्तुतः अपत्यहीन जोडप्यांपैकी मोठ्या हिश्श्यात दोष पुरुषाकडे, निदान पुरुषाकडेही असतो, ही वैद्यकशास्त्रातील सर्वमान्य गोष्ट आहे. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी 1921 साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि 1927 पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे 1953 पर्यंत, ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालविले. त्यासाठी नोकरी गमावली, खटले सोसले. प्रजननाचा विषय हा लज्जेचा नसून आरोग्याचा आहे, एवढेच त्या तपस्व्याचे मागणे होते. मूल होऊ नये म्हणून बोलण्याची सोय पुढे सरकारी भिंतींवरच्या जाहिरातींनी केली. मूल होत नाही याविषयी पुरुषाने बोलावे, ही सोय अद्याप झालेली नाही. ज्या दुःखाविषयी बोलले जात नाही त्याची तक्रार नोंदवली जात नाही, आणि जेथे तक्रार नाही तेथे चौकशी कशाला व्हावी?

या मौनाचा फायदा केवळ शेतीच्या औषधांनाच होतो असे नाही. दंडाचे पीळ लवकर भरावेत म्हणून तालुक्याच्या ठिकाणी निघालेल्या व्यायामशाळांतून जी टेस्टोस्टेरॉनची आणि तत्सम संप्रेरकांची इंजेक्शने हस्ते परहस्ते फिरतात, त्यांची गोष्ट याहून वेगळी नाही. पौरुष वाढविणारे म्हणून घेतलेले हे द्रव्य बाहेरून मिळू लागले की मेंदूखालची ग्रंथी वृषणास पाठवावयाचा संदेश थांबविते आणि शुक्राणूंची निर्मिती मंदावते; इतकी की जागतिक आरोग्य संघटनेने याच द्रव्याच्या साप्ताहिक इंजेक्शनांचा पुरुषांसाठी संततिप्रतिबंधक म्हणून प्रयोग केला, आणि 1990 साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या अहवालानुसार निम्म्याहून अधिक पुरुषांचे वीर्य सहा महिन्यांच्या आत शुक्राणूरहित झाले. कुटुंबनियोजनासाठी तपासलेले औषध आमची पोरे मर्दानगीसाठी टोचून घेत आहेत! गर्भाच्या बाबतीतही हेच. मिश्री, म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड, दातांना लावण्याची सवय पश्चिम महाराष्ट्रातील खेड्यांत कित्येक स्त्रियांना गरोदरपणातही सुटत नाही. मुंबईतील बाराशेहून अधिक गरोदर स्त्रियांच्या पाहणीतून 2004 साली असे दिसून आले की, धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या मातांची बाळे सरासरीने शंभर ग्रॅमहून अधिक हलकी जन्मतात आणि मुदतीपूर्वी जन्मण्याचा धोकाही वाढतो. मुलगा व्हावा म्हणून गर्भारपणाच्या आरंभीच्या आठवड्यांत, म्हणजे गर्भाचे अवयव घडण्याच्या ऐन वेळी, पुड्या आणि गोळ्या देणाऱ्या भोंदूंविषयी तर अधिक लिहावयासच नको. गर्भ राहिला की नाही हे पाहण्यासाठी संप्रेरकांच्या जबर मात्रेच्या गोळ्या देण्याचा प्रघात आपल्या देशात होता. गर्भास व्यंग येण्याच्या भीतीने त्यांवर बंदी यावी म्हणून स्त्रीसंघटनांना आणि सुजाण डॉक्टरांना कित्येक वर्षे झगडावे लागले आणि ती बंदी 1988 साली आली. अमेरिकेत गर्भपात टाळण्यासाठी मातांना दिलेल्या डायइथिलस्टिलबेस्ट्रॉल या औषधाने त्यांच्या मुलींना तरुणपणी एक दुर्मिळ कर्करोग होतो, हे उघडकीस आले ते 1971 साली. औषध आईने घेतले, दंड मुलीने भरला, आणि मधे पंधरावीस वर्षे लोटली. या सर्व प्रकरणांत एकच सूत्र आहे: हानी आणि तिचे कारण यांत काळाचे अंतर पडले की आपण कारणास निर्दोष सोडतो.

सरकारच्या दरबारी हे सूत्र कसे चालते तेही पाहावे. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. चौकशी पथक नेमले गेले, विधिमंडळात चर्चा झाली, काही औषधांच्या विक्रीवर तात्पुरते निर्बंध आले. हे सर्व योग्यच झाले; प्रेते दिसली म्हणून झाले. 2020 च्या मे महिन्यात केंद्र सरकारने सत्तावीस कीटकनाशकांवर बंदी घालण्याच्या हुकुमाचा मसुदा काढला. त्या यादीत कार्बेन्डाझिम होते आणि मॅन्कोझेबही होते. त्यावर हरकती मागविल्या गेल्या, समित्या बसल्या, आणि 2023 च्या अखेरच्या हुकुमात डायकोफॉल, डिनोकॅप आणि मेथोमिल या तिघांवर बंदी, व मोनोक्रोटोफॉसच्या एका प्रचलित प्रकारास निरोप, मुख्यतः एवढेच शिल्लक राहिले. नेदरलँड्सच्या बंदरात 2003 साली पकडले गेलेले मेथोमिल आपल्या घरात वीस वर्षांनी बंद झाले, यावरून बाकीच्यांना किती वर्षे लागतील याचा अंदाज ज्याचा त्याने करावा.

औषधांवरील बंदीच्या मागणीला बागायतदारांचे उत्तर ठरलेले आहे, आणि ते तिरस्काराने झटकून टाकण्याजोगे नाही. फुलोऱ्याच्या वेळी दोन रात्रींचा पाऊस आणि मागोमाग दाट धुके आले, तर केवडा एका आठवड्यात वर्षाची कमाई नेतो. बँकेचा हप्ता आणि सोसायटीचे कर्ज बुरशीसाठी थांबत नाही. एक औषध काढून घेतले तर त्याच्या जागी येणारे नवे औषध तिप्पट महाग असते. ज्याने आयुष्याची पुंजी मांडवाच्या तारांत आणि अँगलांत घातली, त्याला शहरातील लेखकाने उपदेश करावा, हे शोभत नाही हेही आम्हास मान्य आहे. म्हणूनच आमचे मागणे सरसकट बंदीचे नाही. आमचे मागणे एवढेच आहे की, ज्या वस्तूची जोखीम माणूस पत्करतो, ती जोखीम कोणती आहे हे त्याला त्याच्या भाषेत सांगितलेले असावे. यवतमाळात मृत्यू येऊ शकतो हे फवारणाऱ्यास निदान अंधुकपणे ठाऊक होते. आपल्या पोटी मूल न येण्याशी हिरव्या किंवा निळ्या त्रिकोणाच्या पुड्याचा काही संबंध असू शकतो, हे शेळगावच्या किंवा अन्य कोणत्याही गावच्या गड्याला कोणी सांगितलेले आहे?

तेव्हा पहिली गोष्ट कायद्याची. संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने 2003 पासून रसायनांच्या धोक्यांचे वर्गीकरण करण्याची जी जागतिक पद्धत रूढ झाली आहे, तिच्यात प्रजननास बाधक द्रव्यांचा स्वतंत्र वर्ग असून, छातीवर तारा उमटलेल्या मनुष्याकृतीची खूण त्यासाठी ठरलेली आहे. डब्यावरील रंग कोणताही असो, अशा द्रव्याच्या डब्यावर ही खूण आणि तिच्याखाली ठळक मराठीत, गरोदर स्त्रियांनी आणि अपत्याची इच्छा असणाऱ्या पुरुषांनी या औषधाला हात लावू नये, एवढे एक वाक्य छापण्याची सक्ती करावयास नवे संशोधन लागत नाही. 1968 च्या कायद्याची जागा घेण्यासाठी 2020 साली राज्यसभेत विधेयक मांडले गेले. नवा कायदा करताना ही तरतूद त्यात असावी असा आग्रह या भागाच्या लोकप्रतिनिधींनी धरावा, कारण द्राक्ष आणि ऊस या दोन्ही पिकांवर ज्यांची मते उभी आहेत, त्यांचा शब्द दिल्लीत आजवर वाया गेलेला नाही.

दुसरी गोष्ट नोंदीची. बारामतीस आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे; माळेगावच्या शारदानगरात नावाजलेले कृषी विज्ञान केंद्र आहे; मुंबईच्या परळ भागात प्रजनन स्वास्थ्याच्या संशोधनासाठीच 1970 साली स्थापन झालेली राष्ट्रीय संस्था आहे. या तिघांनी मिळून इंदापूर आणि बारामती तालुक्यांतील फवारणी करणाऱ्या कुटुंबांची पाच-दहा वर्षे सातत्याने पाहणी करावी: किती जोडप्यांना किती काळात गर्भ राहिला, किती गर्भ पडले, किती बाळे कमी वजनाची झाली, आणि त्या त्या काळात घरातील कोणी कोणते औषध मारले. निर्यातीच्या बागांमध्ये फवारणीची वही आधीच ठेवली जाते. तिच्यात फवारणाऱ्याच्या नावाचा एक रकाना वाढविला की या अभ्यासाचा अर्धा पाया तयार होतो. या पाहणीतून काहीच निष्पन्न झाले नाही, तर तीही आनंदाचीच वार्ता ठरेल. निदान ती मोजून मिळालेली असेल.

तिसरी गोष्ट बागायतदाराच्या स्वतःच्या हातातील आहे आणि तिला कोणत्याही हुकुमाची वाट पाहावी लागत नाही. शुक्राणू तयार होऊन बाहेर पडण्यास सुमारे तीन महिने लागतात. म्हणून ज्या गड्याचे नवे लग्न झाले आहे किंवा ज्याच्या घरी अपत्याची इच्छा आहे, त्याला निदान तेवढा काळ औषध ढवळण्याच्या आणि फवारण्याच्या कामातून मोकळे ठेवून दुसरे काम द्यावे. स्त्रीची सर्व बीजे तिच्या जन्माबरोबरच तिच्या देहात आलेली असतात आणि गर्भाचे अवयव पहिल्या काही आठवड्यांतच घडतात, बहुधा तिला स्वतःला दिवस गेल्याची खात्री होण्याआधी. म्हणून गरोदर स्त्रीला, आणि दिवस गेल्याचा संभव असलेल्या स्त्रीलाही, ताज्या फवारलेल्या ओळींत घड बुडविण्यास किंवा विरळणीस पाठवू नये, आणि त्यापायी तिची हजेरी कापू नये. रबरी हातमोजे, गमबूट, पूर्ण बाह्यांचे कपडे, बागेतच साबण आणि पाण्याची सोय, फवारणीचे कपडे घरी न नेता तेथेच वेगळे धुण्याची व्यवस्था, यांचा एकत्रित खर्च एका फवाऱ्याच्या औषधाच्या खर्चापुढे किरकोळ आहे. आणि ज्या घरात मूल होत नाही, तेथे सासूबाईंनी सुनेस डॉक्टरकडे नेण्याआधी आपल्या लेकास वीर्यतपासणीस पाठवावे, व डॉक्टरांनी औषधाची चिठ्ठी लिहिण्यापूर्वी त्याला तो कोणत्या पिकात काम करतो आणि काय फवारतो हे विचारावे.

शेळगावच्या आणि आसपासच्या गावांतील बागायतदार परदेशच्या गिऱ्हाइकासाठी एवढी कडक शिस्त पाळू शकले, ही त्यांच्या कर्तबगारीची साक्ष आहे. तीच शिस्त आपल्या मांडवाखाली उभ्या असलेल्या गड्यासाठी आणि बाईसाठी पाळणे त्यांना अशक्य आहे असे आम्हास वाटत नाही. येत्या गोडी छाटणीपूर्वी प्रत्येक गावच्या ग्रामसभेने निदान दोन ठराव करावेत: गरोदर स्त्रीस फवारलेल्या बागेत काम दिले जाणार नाही, आणि फवारणी करणाऱ्या प्रत्येकाचे नाव वहीत लिहिले जाईल.